रोमानियाच्या झाडाला मुसळ

नीलावहिनी बहरीनला आल्या तेव्हा त्यांच्या सामानात सगळ्यात लांब वस्तू होती ती मुसळ. राजापूरकडून येणारी माणसं कोकम आणतात, कुळथाचं पीठ आणतात, फार तर घावनांचा तवा आणतात. ह्यांनी खैराचं, टोकाला लोखंडी कडं बसवलेलं, छातीएवढं मुसळ गोधडीत गुंडाळून आणलं. एअरपोर्टवरच्या अधिकाऱ्यानं गोधडी सोडायला लावली आणि हे हत्यार कसलं म्हणून विचारलं. वहिनींना ना अरबी येत होतं ना इंग्रजी. त्यांनी तिथल्या तिथे मुसळ दोन्ही हातांत धरून हवेत कांडून दाखवलं. मागची रांग आणखी मागे सरकली. अधिकाऱ्याचा चेहरा मात्र उजळला. त्याची आजी रमझानात हरीससाठी गहू असाच कुटायची म्हणे. 'हरीस?' त्यानं विचारलं. वहिनींना हरीस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण माणूस खूश दिसतोय म्हणून त्यांनी मान हलवली आणि मुसळ देशात दाखल झालं.

हे मला दत्तप्रसादनं सांगितलं. दत्तप्रसाद म्हणजे वहिनींचा नवरा, हूरा भागातल्या आमच्या बिल्डिंगचा सुपरवायझर. लिफ्ट अडकली, एसी गळला, शेजाऱ्यानं जिन्यात चपला ठेवल्या, की सगळे त्याच्या नावानं शंख करतात आणि तो सगळ्यांना 'करतो, करतो' म्हणतो. लग्न झाल्यावर बरीच वर्षं तो इथे आणि वहिनी गावी असं चाललं होतं. मग फॅमिली व्हिसा जमला आणि वहिनी आल्या. आल्या त्या आठवड्यातच बिल्डिंगमधल्या बायकांनी मूल नाही हे विचारून घेतलं आणि न विचारता औषधंही सुचवली. वहिनींनी सगळ्यांना चहा दिला, औषधांची नावं ऐकून घेतली, आणि दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू केले.

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, बँकेत नोकरी करतो आणि रात्रीचा डबा वहिनींकडून घेतो. तेव्हा ह्या प्रकरणात मी निःपक्षपाती आहे असं कुणी समजू नये. मिक्सरमध्ये वाटलेला मसाला आणि मुसळानं कांडलेला मसाला ह्यातला फरक ज्याला कळतो तो माणूस पक्षपातीच असतो. दर शुक्रवारी सकाळी तळमजल्यावरून धप धप आवाज येतो आणि माझ्या कपाटातले ग्लास किणकिणतात. मला तो आवाज आवडतो. दुसऱ्या मजल्यावरच्या निवेदिताबाईंना त्यानं अर्धशिशी होते. पण निवेदिताबाईंना बऱ्याच गोष्टींनी अर्धशिशी होते, त्यात पुढे ते चित्र आलं.

चित्राची हकीकत अशी. आमच्या समोरच्या हॉटेलात मिरेला नावाची एक रोमानियन बाई पियानो वाजवायची आणि आमच्या बिल्डिंगमध्ये राहायची. करार संपून परत निघाली तेव्हा तिनं भिंतीवरचं मोठं चित्र बरोबर नेता येईना म्हणून आमच्या मालकीणबाईंना, सुहाला, देऊन टाकलं. लॉबीत एसी गळून भिंतीला ओलीचा मोठा डाग पडला होता. सुहानं डागाचं माप घेतलं, चित्राचं माप घेतलं आणि चित्र तिथे टांगलं. आमच्या बिल्डिंगमध्ये कला आली ती अशी.

चित्र मिरेलाच्या मामानं काढलेलं. तो रेल्वेत होता आणि सुटीच्या दिवशी क्लुज नावाच्या त्यांच्या शहरातल्या बागेत रंग घेऊन बसायचा. चित्रातला महिना मार्च. बर्फ वितळून त्याचे मळके तुकडे उरलेत, पायवाट ओली आहे, एका हिरव्या बाकावर कुणी बसलेलं नाही, मागे तळं आहे. आणि झाडं. सगळी बोडकी. त्यातलं पुढचं एक मोठं, अगदी चित्राच्या तोंडाशी आलेलं. त्याच्या फांद्यांच्या टोकांना किंचित तांबूस रंग आहे, म्हटला तर आहे, म्हटला तर नाही. मिरेलानं जाताना दत्तप्रसादला सांगितलं होतं की आमच्याकडे ह्यालाच वसंत म्हणतात. दत्तप्रसादला ते फार पटलं नाही, पण तो 'करतो, करतो' म्हणाला.

वहिनींची खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला, पाण्याच्या पंपाशेजारी. तिला खिडकी नाही. दार उघडं ठेवलं की सरळ समोर लॉबीची ती भिंत. म्हणजे वहिनी कणीक मळताना, भाजी चिरताना, मसाला कांडताना मान वर करत तेव्हा त्यांना रोमानिया दिसे. एकदा डबा घेताना मी विचारलं की एवढं काय बघता त्यात. त्या म्हणाल्या की त्या बागेत कुणी कुणाला काही विचारत नाही, म्हणून बरं वाटतं. मग डब्याचं झाकण नीट लावा, सोलकढी सांडेल असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

निवेदिताबाई पुण्याच्या. त्यांनी ऑनलाइन वास्तुशास्त्राचा कोर्स केलेला आहे आणि त्याचं सर्टिफिकेट त्यांच्या हॉलमध्ये ईशान्येला लावलेलं आहे. त्यांनी चित्र बघताक्षणी निदान केलं की वाळलेलं झाड दारात लावणं म्हणजे दारिद्र्याला आमंत्रण. शिवाय वांझ. हा शब्द त्यांनी लॉबीत उभं राहून, मोठ्यानं उच्चारला. वहिनींचं दार उघडं होतं. मला वाटतं त्यांनी मुद्दाम म्हटलं नसेल, काही माणसं जीभ वापरताना आजूबाजूला बघत नाहीत एवढंच. पण मला त्यांचा राग आला तो आला.

त्यानंतर बिल्डिंगमध्ये जे जे बिघडलं ते झाडावर गेलं. लिफ्ट अडकली, झाडामुळे. दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा पडला, झाडामुळे. निवेदिताबाईंचे यजमान वरुण ह्यांचं प्रमोशन रखडलं, झाडामुळे. लिफ्ट चित्राच्या आधीपासून अडकत होती आणि वरुणचं प्रमोशन माझ्या माहितीप्रमाणे तो रोज उशिरा जातो म्हणून रखडलं होतं, पण हे सांगायला गेलो तर मलाच मूर्खात काढण्यात आलं. चौथ्या मजल्यावरचे अन्सारभाई, ज्यांचं बाब अल बहरीनजवळ हार्डवेअरचं दुकान आहे, ते एवढंच म्हणाले की बाबा, चित्राचा खिळा माझ्या दुकानातला आहे, खिळ्याची गॅरंटी मी देतो, झाडाची मना काय ठाव नाय.

दत्तप्रसादनं आपल्या परीनं उपाय केला. प्लॅस्टिकची वेल आणून चौकटीवरून सोडली. रोमानियाच्या बर्फावर ती हिरवीगार पानं लोंबायला लागली आणि खाली दोन प्लॅस्टिकची सूर्यफुलं. निवेदिताबाई म्हणाल्या की ही तर फसवणूक झाली. ह्या एका बाबतीत मी त्यांच्याशी सहमत होतो.

मग सुहानं सलमाबादहून एक पेंटर बोलावला. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्यानं चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि पानं काढून देतो म्हणाला, फक्त कोणती पाहिजेत ते सांगा, खजुराची लवकर होतील. डबा उघडून त्यानं हिरव्या रंगात ब्रश बुडवलासुद्धा. तेवढ्यात वहिनी खोलीतून बाहेर आल्या, पेंटरच्या हातात चहाचा कप दिला आणि स्वतः चित्रापुढे उभ्या राहिल्या. चहा संपला तरी हलल्या नाहीत. पेंटरनं एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून बघितलं आणि ब्रश पुसून निघून गेला.

ह्यावर सुहा वैतागली. ती मनानं वाईट नाही, पण तिची बिल्डिंग आहे आणि तिला भाडेकरू हवेत. तिनं दत्तप्रसादला सांगितलं की महिनाअखेर ओलीच्या डागावर आरसा लागेल आणि हे चित्र सलमाबादच्या गोदामात जाईल. ते गोदाम मी पाहिलंय. तिथे मोडके कमोड ठेवलेले आहेत. दत्तप्रसाद 'करतो' म्हणाला, पण ह्या वेळी एकदाच. त्या रात्री माझ्या डब्यात आमटी अळणी होती, आणि वहिनींची आमटी अळणी होणं म्हणजे काय ते मलाच ठाऊक.

नेमक्या त्याच सुमारास निवेदिताबाईंच्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर चिपळूणहून आल्या. सगळे त्यांना मावशी म्हणायला लागले. त्या पहिल्यांदा लॉबीत शिरल्या तेव्हा सुनेनं झाडाची तक्रार केली. मावशींनी चष्मा पुसून झाड पाहिलं आणि सांगितलं की टाकून काय देता, न धरणाऱ्या झाडाच्या खोडाला ग्रहणात मुसळ लावतात, पुढच्या हंगामाला धरतं. त्यांच्या माहेरच्या फणसाला लावलं होतं. फणस एवढा धरला की फांदी मोडून गोठ्यावर पडली.

त्या सप्टेंबरात खग्रास चंद्रग्रहण होतंच. बिल्डिंगला एकदम उत्साह आला. लॉबीत सभा भरली आणि मी आयुष्यात ऐकलेल्या सगळ्यात गंभीर चर्चेपैकी ती एक होती. पहिला प्रश्न वरुणनं काढला. तो इंजिनिअर आहे. झाड रोमानियात, चित्र बहरीनमध्ये, मग ग्रहण कुठलं धरायचं? मग त्यानंच मोबाइलवर शोधून जाहीर केलं की ग्रहण दोन्हीकडे दिसणार आहे आणि त्या दिवसांत रोमानियाचं आणि बहरीनचं घड्याळही एकच असतं. मावशींनी हात जोडले. त्यांना दुसरा पुरावा नको होता.

दुसरा प्रश्न मुसळाचा. कुणाकडे मिक्सर, कुणाकडे फूड प्रोसेसर. एकीनं लाटणं चालेल का विचारलं. मावशी म्हणाल्या की लाटण्याला नवरा घाबरतो, झाड नाही. अन्सारभाईंनी कॅनव्हास फाटू नये म्हणून मुसळाला बबल-रॅप गुंडाळायची सूचना केली, ती शास्त्रात बसते का ह्यावर थोडा वेळ गेला. आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू वहिनींच्या उघड्या दाराकडे वळल्या. अख्ख्या बिल्डिंगमध्ये मुसळ एकच होतं.

सुहाला फोन झाला. तिला हा प्रकार ऐकून हसू आवरेना. तिनं फर्मान काढलं की मुसळ लावा, तक्रारी बंद करा, मग आरसा रद्द. मी स्वतः येते बघायला.

म्हणजे आता गोष्ट अशी झाली की वहिनींनी मुसळ दिलं तर चित्र राहील, नाही दिलं तर ते मोडक्या कमोडांत जाईल. मला वाटलं ह्यात विचार करण्यासारखं काही नाही, घटकाभराचा पोरखेळ, द्यावं आणि मोकळं व्हावं. दत्तप्रसादलाही तसंच वाटत होतं. त्यानं माझ्यासमोर दोनदा सांगून पाहिलं. वहिनी भांडी घासत होत्या. त्या घासतच राहिल्या, एकच पातेलं, चकचकीत होऊन गेलं तरी.

वहिनी ग्रहण पाळत नाहीत, हे मला आधीपासून माहीत होतं. मागेही एकदा ग्रहणाच्या दिवशी निवेदिताबाईंनी वेध लागलेत, चूल कशी पेटवता म्हणून झापलं होतं, तर वहिनींनी मुकाट्यानं डबे भरून धाडले होते. माझ्यासारख्या माणसाला ही पुरोगामी वृत्ती फार भावली होती. मी एकदा बोलूनही दाखवलं. त्या नुसत्या हसल्या होत्या.

ग्रहणाची संध्याकाळ आली. लॉबीत खुर्च्या मांडल्या होत्या, दोन रांगांत. ज्यांच्याशी माझी लिफ्टमध्येही कधी ओळख झाली नव्हती तेसुद्धा येऊन बसले होते. सुहा बहिणीला घेऊन आली होती. प्लॅस्टिकची वेल काढून टाकली होती आणि चित्रातल्या बाकासमोर कुणीतरी हळदकुंकवाचं तबक ठेवलं होतं. अन्सारभाई मशिदीत ग्रहणाची नमाज पढून परस्पर तिथेच आले आणि चौकट हलू नये म्हणून खालून धरून उभे राहिले. बाहेर चंद्र झाकत आला तसा वरुण मोबाइलवर बघून सांगत होता, जशी क्रिकेटची कॉमेंट्री. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. माझा डबा अजून वहिनींच्या ओट्यावर होता, तो दिसत होता.

चंद्र पूर्ण झाकला. मावशींनी हात पुढे केला. वहिनी मुसळ घेऊन खोलीतून आल्या. दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. मावशींपर्यंत आल्या आणि थांबल्या. दिलं नाही.

"मावशी," त्या म्हणाल्या, "हे मुसळ मलाही लावलंय."

आवाज मोठा नव्हता, पण लॉबी बंद होती.

"सासूबाईंनी. असंच ग्रहण होतं. परसातल्या आंब्याला लावलं, मग चिकूला लावलं, मग मला बोलावलं." त्यांनी दत्तप्रसादकडे पाहिलं. "हे इकडे होते. दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचे. नवरा बहरीनमध्ये, आणि मुसळ मला."

कुणीतरी हसलं. पहिल्या क्षणी मलाही हसू आलं, कारण गोष्ट खरोखरच हसण्यासारखी होती.

"येताना म्हणून घेऊन आल्ये," वहिनी म्हणाल्या. "तिकडे ठेवलं असतं तर धाकट्या जावेला लावलं असतं. आता ह्यानं फक्त मसाला कांडायचा. झाडाला नाही लावायचं."

दत्तप्रसादला हे माहीत नव्हतं. ते त्याच्या तोंडावरच दिसत होतं. तो मुसळाकडे असा बघत होता, जसं ते त्यानं आजवर पाहिलंच नव्हतं, आणि एअरपोर्टची गोष्ट तर तो गेली कित्येक वर्षं सगळ्यांना हसत हसत सांगत आला होता. मला त्याची दया आली आणि त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. दोन्ही एकाच वेळी.

सुहाला हिंदी येतं, मराठी येत नाही. ती सगळ्यांना क्या बोला, क्या बोला म्हणून विचारत होती आणि कुणी सांगत नव्हतं. निवेदिताबाई आपल्या बांगड्या मोजत असल्यासारख्या खाली बघत होत्या. शेवटी दत्तप्रसाद पुढे झाला. ज्या माणसाला मी मालकिणीपुढे 'करतो'शिवाय दुसरं काही म्हणताना ऐकलं नव्हतं तो माणूस चित्रापुढे, बायकोच्या बाजूला, उभा राहिला.

"मॅडम, झाड को कुछ नहीं हुआ है," तो म्हणाला. "मैं नहीं निकालेगा. आरसा भी नहीं लगाएगा."

सुहानं त्याच्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे, मग त्यांनी छातीशी धरलेल्या मुसळाकडे. तिला काय समजलं कुणास ठाऊक. ती म्हणाली, "खलास. रहने दो," आणि बहिणीचा हात धरून बसून राहिली. अन्सारभाईंनी चौकट सोडली आणि चित्र तिरकं झालंय का ते मागे होऊन बघितलं.

लोक उठायला लागले. खुर्च्या सरकल्या. मावशी मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांचा पुढे केलेला हात अजून तसाच होता. तो त्यांनी हळूच वहिनींच्या दंडावर ठेवला.

"लागलं होतं का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही मावशी. नुसतं पोटाला टेकवलं. पण अंगणात सगळी आळी बघायला बसली होती."

मावशींनी वळून खुर्च्यांच्या दोन रांगांकडे पाहिलं. मग खाली वाकून हळदकुंकवाचं तबक उचललं आणि सुनेच्या हातात दिलं. निवेदिताबाईंनी ते निमूट घेतलं.

"काय केलंयस आज?" मावशींनी वहिनींना विचारलं.

"वालाचं बिरडं. भात."

"वाढ मला."

निवेदिताबाई म्हणाल्या, आई, अजून ग्रहण सुटलं नाही. मावशींना साध्या उपासाच्या दिवशी पाण्याचा घोट घ्यायला लावणं मुश्कील, हे बिल्डिंगला एव्हाना माहीत झालं होतं. त्यांनी सुनेकडे पाहिलंही नाही. चप्पल दाराशी काढून त्या वहिनींच्या खोलीत शिरल्या आणि जमिनीवर, जिथून रोमानिया समोर दिसतो तिथे, मांडी घालून बसल्या. वहिनींनी मुसळ दाराआड उभं केलं, हात धुतले आणि ताट घेतलं.

बाकीचे डबे संध्याकाळीच गेले होते. ओट्यावर एकच उरला होता, त्याच्यावर माझ्या फ्लॅटचा नंबर होता. वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. बाहेर चंद्र अजून तांबडाच होता, आणि आत मावशी माझं बिरडं सावकाश, सगळं संपेपर्यंत जेवल्या.